दसऱ्याला भरलेला ड्रम

आज मी जो काही आहे तो शेलार बाईंमुळे. शाळेच्या प्रयोगशाळेत तारीख न घातलेली बाटली दिसली की बाई ती सरळ मोरीत ओतायच्या. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. पण परवा डिग्रीपेक्षा ती मोरीच जास्त आठवली.

उरवड्याच्या कारखान्यात मी क्वालिटी कंट्रोलला आहे. आम्ही सनस्क्रीन बनवतो. परदेशी ग्राहकाची मेल आली: एका बॅचमध्ये बेन्झोफिनोन जास्त आहे. सनस्क्रीनमध्ये ऊन अडवायला ऑक्टोक्रिलीन नावाचं रसायन असतं. ते जुनं होत गेलं की त्यात हळूहळू बेन्झोफिनोन तयार होतं. त्याच्यावर कर्करोगाचा संशय आहे, म्हणून ते अगदी किंचितच चालतं. खुलासा पटला नाही तर ऑर्डर बंद, आणि पॅकिंगच्या सगळ्या बायका घरी.

"मारणे, सप्लायरवर ढकला," मॅनेजर म्हणाले.

"सर, त्यांचा सीलबंद ड्रम तपासला. चांगला आहे."

"मग चूक आपली म्हणून लिहून देता?"

"आधी शोधतो तरी."

त्या बॅचला वापरलेला ड्रम अजून अर्धा शिल्लक होता. लेबल नवं, पण तपासल्यावर आतला माल जुना निघाला. स्टोअर सांभाळणाऱ्या बबनमामांना गाठलं.

"मामा, ह्यात काय ओतलंत?"

"म्या? काय न्हाई."

"मामा..."

"आता दसऱ्याला पूजेला जागा नको व्हय? उरलेलं चार ड्रम एकात केलं. समदं एकच तर हाय! दरसाल करतुया." मग आवाज खाली आला. "सायेब, घरी बसवत्यात का आता?"

"खरं बोललात, मामा. त्यानंच वाचू."

सगळं जसंच्या तसं लिहिलं. त्या ड्रमाच्या दोन बॅच परत मागवल्या, बाकीच्या तपासून आकडे जोडले. "बुडालो तर तुमच्या नावानं," म्हणत सरांनी सही केली.

आठवड्यानं उत्तर आलं. खुलासा मान्य, ऑर्डर चालू. लाइनवर एकच गलका झाला. सरांनी पेढे वाटले, पहिला बबनमामांना.

धडा एवढाच: पूजेला जागा करताना ड्रम हलवावेत, एकात एक ओतू नयेत.

त्याच संध्याकाळी पत्र लिहिलं.

"ती. बाईंना सा. न.

माझी चुन्याची निवळी तुम्ही ओतलीत तेव्हा मी रडलो होतो. आता आमच्या स्टोअरात तारखेशिवाय काही आत जात नाही. आज खुद्द मॅनेजरांची तारीख नसलेली नमुन्याची बाटली बबनमामांनी दारातून परत पाठवली. सर गेले आणि तारीख घालून आले.

तुमचा विद्यार्थी,
संदीप मारणे"