डब्ब्यातली पहिली मूठ

फोन आला तवा मी माह्या लेकीले, मिनूले, शिरप पाजून राह्यलती. चमच्यात घेतलं, तिनं तोंड फिरवलं, अर्धं फ्रॉकवर सांडलं, मी चिडली, अन् तेवढ्यात मोबाइल वाजला. ज्याईच्या वावरात माही सासू कापूस येचाले जाये, त्या मालकीणबाई होत्या. म्हणाल्या, "सूनबाई, सालोमीबाई पाणी प्याले म्हणून बाभळीखाली बसल्या, त्या उठतच नाईत वो... तू प्रकाशले घेऊन ये लवकर." प्रकाश म्हणजे माहे मिस्टर. मी इचारलं, "चक्कर आली काय?" त्या परत म्हणाल्या, "लवकर ये." मांगून बायाईचा आवाज येत होता, कोनीतरी "सालुबाई, ए सालुबाई" करून राह्यलं होतं... मले तवाच समजलं. पण माह्या मनात पयलं काय आलं सांगू? आता शरम वाटते. "आता मिनूले झटका आला तं मी एकटी काय करू," हे आलं. सासू गेली, याचं दुःख त्याच्या मांगून आलं.

त्याले पाच हप्ते झाले. आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, सासूवर काई लिहून दे, पेपरच्या पुरवणीत पाठवू. मी म्हटलं, साहेब, मी नववी शिकली, मले कुठं लिहाले येते, तुमीच लिहा. ते म्हणाले, "मी लिहिलं तं नुसतं चांगलं चांगलं लिहीन. घरात तिच्याजवळ तू होती." हे ऐकून मी दोन दिवस वहीच उघडली नाई. कारण जे लिहाचं हाय ते मी अजून कोनालेच सांगतलं नाई, मिस्टरले बी कालच सांगतलं.

मी पुसदची. माहेर आमचं ख्रिस्तीच, पण नाताळ अन् इस्टरपुरतं. बाबा म्हणत, देव हाय, पण त्याले रोज रोज तरास कायले द्याचा. लग्न होऊन घाटंजीले आली अन् पयल्याच दिवशी सकाळी भाताचे तांदूळ निवडून पातेल्यात टाकाले गेली, तं आई म्हणाली, "थांब वो." सासूले मी आईच म्हणे. तिनं माह्या सुपात हात घातला, एक मूठ तांदूळ काढले अन् चुलीजवळच्या फळीवर बिस्किटाचा निळा डब्बा होता, झाकन चेपलेलं, त्याच्यात टाकले. मी इचारलं, हे कोनाचे? "प्रभूचे. रविवारी चर्चमधी नेतो. ज्याच्या घरी नाई त्याच्या घरी जातात." मी नवीन होती पण तोंडाची पक्की होती, म्हटलं, "अन् आपल्याच घरी नसन तवा?" ती हसली. "तवा बी मूठ काढाची. पातेल्यात कमी झालं तं आपल्याले दिसते. डब्ब्यात कमी झालं तं कोनालेच दिसत नाई. म्हणून डब्बा पयले."

ही मुठीची रीत आमच्या चर्चमधी सगळ्याईच्या घरी हाय. पण बऱ्याच बाया शनिवारी पोत्यातून एकदमच काढतात, अन् खरं सांगतो, त्याच्यात काई पाप नाई. मी बी आईले म्हटलं, रोजची कटकट कायले, शनिवारी एकदम काढू ना. तं म्हणे, "तू हप्त्याचं जेवण शनिवारी एकदम जेवतं काय?" झालं.  तिचं सगळं असंच होतं. मोठी प्रार्थना करत नसे, चर्चमधी उभं राहून साक्ष देत नसे, रडत नसे. पण घरात जशी तशीच चर्चमधी, अन् चर्चमधी जशी तशीच वावरात.

वावरातलं मी सोता पाह्यलं. मिनू व्हायच्या आधी एक हंगाम मी बी तिच्यासंग येचाले गेलती. सकाळी दहिवर पडलेलं राह्यते, कापूस ओला असते, काट्यावर जड भरते, अन् मजुरी किलोवर राह्यते, म्हणून बाया उजाडताच पयल्या दोन ओळी भरभर येचून घेतात. कोनी कोनी तं गठुड्यावर पाणी बी शिंपडते. आई काय करे, सकाळचा येचलेला कापूस फडक्यावर पसरून उन्हात ठेवे, अन् सुकला का मंगच काट्यावर नेये. बाया लय हसत. एकजन म्हणे, "सालुबाई, तुह्या येशूले वावरात काटा पाह्याले बशिवलं काय वो?" आई म्हणे, "लय ऊन हाय बाई, तो कायले येते? मले धाडलं." सगळ्या हसल्या, आई बी हसली, अन् कापूस उलथापालथा करत राह्यली. मले राग आला. मी म्हटलं, आई, सगळ्याच करतात, मालकाले बी माईत हाय. ती म्हणाली, "मालकाचं मी काई म्हणत नाई. मले दोन सालोमी सांभाळता येत नाई, एक वावरातली अन् एक चर्चमधली. एकच सांभाळता सांभाळता नाकीनऊ येते."

मंग मिनू झाली. दीड वर्षाची होती तवा पयला झटका आला. ताप होता, मी तिले मांडीवर घेतलं अन् एकदम तिचे डोळे वर गेले, हातपाय कडक झाले, तोंडातून फेस... मी नुसती वरडत राह्यली. आईनं तिले माह्या हातातून घेतलं, कुशीवर निजवलं, घड्याळाकडं पाह्यलं अन् ओठातल्या ओठात प्रार्थना कराले लागली, डोळे उघडे ठिवून. मांगून मी इचारलं, प्रार्थनेले डोळे झाकाचे असतात ना? तं म्हणे, "मी डोळे झाकले तं लेकराचं तोंड कोन पाह्यन?" यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, डॉक्टरनं दोन टाइम शिरप लिहून देलं, एक टाइम बी चुकवू नका म्हणाले. आई त्या शिरपाची अशी राखण करे जशी प्रार्थनेची करे. "डॉक्टरच्या हाताले अक्कल कोनं देली? शिरप चुकवलं तं प्रार्थना बी चुकली समज."

पण माहं भेव गेलं नाई. शिरप चालू असून बी दोनदा झटका आला. मी मिनू झोपली का तिच्या नाकापुढं बोट धरे. आमच्या शेजारच्या वंदनाताई, माह्या बहिणीसारख्या, त्याईले माही हालत पाह्यवली नाई. त्याईनं सांगतलं, कळंबच्या रस्त्यावर एका गावात एक बुवा हायेत, लेकराईसाठी ताईत देतात, पैसा घेत नाईत, फक्त सात मुठी तांदूळ न्याचे. पण ते घरच्या खाण्यातले नाई, देवाच्या नावानं बाजूले काढलेले पाह्यजे.

देवाच्या नावानं बाजूले काढलेले... आमच्या घरी ते फळीवर तयारच होते.

शुक्रवार होता. आई वावरात गेली, मिस्टर गाडी घेऊन गेले. मी डब्बा उतरवला, पिशवीत सगळे उलटे केले, सात मुठी हायेत का कमी हायेत ते बी पाह्यलं नाई, डब्बा होता तसा फळीवर ठिवला, अन् मिनूले घेऊन वंदनाताईसंग गेली. आईले सांगतलं, सरकारी दवाखान्यात सुईले गेलती. ताईत गळ्यात बांधता येत नव्हता, म्हणून मिनूच्या उशीत कापसाच्या आत शिवून टाकला. त्या राती मी किती दिवसांनी झोपली. खोटं कायले बोलू, मले बरं वाटलं.

शनिवारी सकाळी आईनं डब्बा उतरवला. हातातच तिले समजलं असन, पण झाकन उघडून आत पाह्यलं. मी चुलीपाशी होती, मान वर केली नाई. तिनं सूप पुढं ओढलं. त्या सकाळची मूठ काढून डब्ब्यात टाकन असं मले वाटलं, कमीत कमी तळ तं झाकन. तिनं टाकली नाई. ती मूठ वाटीत वेगळी ठिवली, पुढच्या हप्त्यासाठी. रविवारी रिकामा डब्बा पिशवीत घालून चर्चले निघाली. आमचं चर्च म्हणजे टिनाची एक खोली, पुढं एक पोतं ठिवलेलं राह्यते, एक एक बाई जाते अन् आपले तांदूळ त्याच्यात टाकते. आई गेली, झाकन काढलं, डब्बा पोत्यावर उलटा केला. काईच पडलं नाई. पाळकीणबाई जवळच होत्या, हळूच म्हणाल्या, "सालोमीबाई, तब्येत बरी नव्हती काय? घरी चूल पेटली नाई काय?"

"पेटली. डब्बा रिकामा हाय."

"काहून वो?"

"ते मले सांगता येत नाई, बाई."

मांगून कोनीतरी म्हटलं, म्हातारपणी विसरतेच मानूस. आईनं ऐकलं, पण "विसरली" असं बी म्हटलं नाई अन् "विसरली नाई" असं बी म्हटलं नाई. झाकन लावलं अन् येऊन माह्या बाजूले बसली. मी मिनूच्या केसात तोंड घालून बसलती. तिनं घरच्या पोत्यातून मूठभर तांदूळ घेतले असते तं कोनाले काय समजलं असतं? तिनं रिकामा डब्बा नेला, सगळ्याईपुढं उलटा केला, पण माहं नाव काढलं नाई.

मंग दोन हप्त्यानं तिनं उशीची खोळ धुवाले काढली. मी धुनं घेऊन आली तं ती ओट्यावर उशी मांडीवर घेऊन बसलेली, बोटानं दाबून पाहत होती.  वाटलं, आता फाडन, आता फेकन, आता मले माह्या बाबाकडं पुसदले धाडन. ती म्हणाली, "सुई दोरा आन." मी आनला. एका बाजूची शिवण उसवली होती, ताईताचा काळा धागा बाहेर दिसत होता. तिनं तो आत सारला अन् शिवण घातली. बारीक, पक्की. मी रडत होती. "आई, काढून टाका ना..."

"मी कायले काढू? मी काढला तं तो माहा विश्वास होईन. तुले भेव हाय, तुह्या हातानं निघन तवा निघन. प्रभूले घाई नाई." दोरा दातानं तोडला. मंग म्हणाली, "अन् डब्ब्याचं मी इचारत नाई. तुले सांगाचं असन तवा सांगजो. मी हाव ना."

मी सांगतलं नाई. महिने गेले. रोज वाटे आज सांगू, आज ती थकली हाय, आज मिनूले खोकला हाय... अन् तिनं इचारलं नाई. पण डब्बा उतरवला का एक वेळ माह्याकडं पाहे. रागानं नाई. वाट पाह्यल्यासारखं.

फोन आला त्या दिवशी सकाळी मी ठरवलं. ती ओढणी डोक्याले बांधून राह्यलती. मी म्हटलं, "आई, मले एक सांगाचं होतं." तिनं हातातलं सोडलं, माह्याकडं फिरली, "सांग." असा चेहरा केला का जणू सगळं काम झालं. अन् बाहेर बायाईच्या ऑटोचा हॉर्न. एकदा, दोनदा. "ए सालुबाई, चालतं का नाई?" मी म्हटलं, जा तुमी. ती म्हणाली, "संध्याकाळी सांगजो मंग. मी कुठं जाऊन राह्यली?" डब्बा खिचडीचा घेतला, मिनूच्या डोक्यावर हात ठिवला अन् गेली.

पुढचं सांगतलंच हाय.

तीन हप्ते आमच्या घरी दुसऱ्याईच्या घरचं जेवण आलं, निळा डब्बा तसाच राह्यला. मंग एका सकाळी मी चूल पेटवली, सुपात तांदूळ घेतले, अन् हात पुढं होईना. उशीत तो ताईत असताना डब्ब्यात मूठ कशी टाकू? दोन जागी पाय ठिवून... आई जे वावरात करत नव्हती ते मी तिच्या चुलीपुढं करू काय? मी उठली, उशी आनली, तिनं घातलेली शिवण उसवाले लय वेळ लागला, एवढी पक्की होती. ताईत फेकला नाई. वंदनाताईकडं गेली, म्हटलं, ताई, तुमी मायेनं मिळवून देलता, तुमच्याजवळच ठिवा. त्याईनं तोंडाकडं पाह्यलं. "भेव नाई वाटत काय?" म्हटलं, वाटते. "मंग?" मंग काई नाई ताई, भेतभेतच काढला.

भेव अजून हाय. काल राती बी मिनूच्या नाकापुढं बोट धरलं. पण शिरप टायमावर देतो, आईसारखी डोळे उघडे ठिवून प्रार्थना करतो, अन् संध्याकाळी सांगजो म्हणालती ते आता सांगून टाकलं. आई, ते तांदूळ मी नेलते.

गेल्या रविवारी डब्बा चर्चमधी नेला. भरला नव्हता, आईच्या टायमाले काठाले यायचा. मी इचार करत राह्यली, मूठ तं रोज काढली, एक दिवस बी चुकली नाई, मंग कमी काहून? घरी येऊन सुपात हात घातला अन् समजलं. एवढे वर्ष कापूस येचून तिचा पंजा रुंद झाला होता, बोटं जाड होती. माही मूठ लहान हाय.

म्हणून आता मी दोनदा हात घालतो.