नानांची मागची खोली

कापसाच्या गाड्या गल्लीतून गेल्या की बाभळीच्या फांद्यांना, तारेच्या कुंपणाला थोडा थोडा कापूस अडकून राहतो. कुणी ठेवलेला नसतो, कुणी मागायलाही येत नाही. वाऱ्याने हलत असतो, एवढंच. शेजारच्या नानांच्या मागच्या भाड्याच्या खोलीतल्या कॉलेजच्या पोरांचे किस्से माझ्याकडे तसेच साठले. माझी खिडकी त्यांच्या दारासमोर. आता खिडकी काय दुसरीकडे तोंड करून बसते?

गोष्ट धुळ्याची, देवपुरातली. नंदुरबार, नवापूर तेव्हा आमच्याच जिल्ह्यात होतं. तिकडूनच ही तीन ख्रिस्ती पोरं शिकायला आलेली. फिलीप उंच आणि अबोल, दाऊद बडबड्या, आणि तिसरा इमॅन्युएल, त्याला सगळे मनू म्हणायचे. दर रविवारी संध्याकाळी साळवे सर सायकलवरून यायचे. रिटायर झालेले मास्तर. बायबलमधलं एक वचन वाचायचे, पोरं गाणं म्हणायची, आणि निघताना सर म्हणायचे, "नवं भांडं घेतलं की फडताळात ठेवायचं नसतं. आठवडाभर वापरा."

पोरं खरंच वापरायची. पंचाईत तिथूनच सुरू व्हायची.

*

एकदा वचन होतं एकमेकांची सेवा करण्याचं. नळाला पाणी पहाटे यायचं. सोमवारी मनूने सगळ्यांच्या आधी उठून पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी फिलीप त्याच्या आधी उठला. मग दाऊद फिलीपच्याही आधी. शेवटी शेवटी मी अंगणात आले तर नळ कोरडा, शुक्राची चांदणी तशीच वर, आणि तिघं एकच बादली धरून कुजबुजत भांडताहेत.

"सोड ना, काल तूच भरलंस."

"सेवा करू दे की मला, गाढवा."

रविवारी सरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "आता आठवडाभर दोघांनी झोपून राहायचं. दुसऱ्याला सेवा करू देणं जास्त अवघड असतं."

दाऊद म्हणाला, "सर, मला जमेल ते."

*

मग आला जिभेचा आठवडा. कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही, ऐकायचंही नाही. जेवणं झाली की पोरं माझ्या ओट्यावर येऊन बसायची. लाईट गेलेले, पांझरा नदीकडून गार वारा, लिंबाच्या झाडाची सळसळ. अशा वेळी माणसाला चार गोष्टी आठवतातच.

मी म्हटलं, "त्या कोपऱ्यावरच्या बाईचं कळलं का?"

दाऊद म्हणाला, "अक्का, वर बघा. आज चांदणं कसं पडलंय."

मी बघितलं. परत तोंड उघडलं. परत चांदणं. सबंध आठवडा मी आभाळच बघत बसले. लहानपणी गच्चीवर झोपायचो तेव्हापासून एवढं बघितलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी, मी दात घासत असतानाच दाऊद कुंपणापाशी हजर.

"अक्का, ते कोपऱ्यावरच्या बाईचं काय राहिलं होतं?"

*

खरं बोलण्याचा आठवडा मात्र महागात पडला. नाना माळकरी. त्यांच्या जागेत मासळी-मटण चालायचं नाही. फिलीपच्या आईने गावाहून सुकट पाठवली, आणि परीक्षेच्या अभ्यासात भुकेने पोरांनी ती दार लावून भाजली. वास काय, दाराला विचारून बाहेर येतो?

नाना मागच्या अंगणात आले, त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "कसाना वास शे?"

मी खिडकीतून खुणावत होते, माझं नाव सांग, अक्काची भाजी जळली म्हण. फिलीपने माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं.

"सुकट आहे, नाना. आईने पाठवली. आमचं चुकलं."

"महिना सरना का खोली रिकामी करी द्या."

त्या रविवारी फिलीप म्हणाला, "सर, खरं बोललो आणि खोली गेली."

सर म्हणाले, "खरं बोला एवढंच मी सांगितलं होतं. बोलल्यावर काय मिळतं ते मलाही माहीत नाही."

*

खोल्या शोधायला पोरं रोज उन्हातान्हाची निघायची. ख्रिस्ती नाव ऐकलं की "कालच गेली बघा" म्हणून दारं बंद. परीक्षा तोंडावर. खोली नाही मिळाली तर गाव गाठायचं, वर्ष बुडवायचं, आणि मनूचा बाप तर म्हणूनच बसला होता, आता आलास की परत जायचं नाही, नांगर धर.

मी म्हटलं, "फिलीप, नुसतं आडनाव सांग, गावित. पुढचं कोण विचारतंय?"

तो म्हणाला, "अक्का, मग कुणी फिलीप म्हणून हाक मारली तर वळू की नको?"

*

शेवटच्या रविवारी वचन निघालं, कुणी मागेल त्याच्याहून थोडं जास्त द्या.

दाऊद म्हणाला, "नानांनी खोली मागितली सर. जास्त म्हणून काय देऊ, मनूला ठेवून जाऊ?"

 दुसऱ्या दिवशी फिलीपने डब्यात चुना भिजत घातला. तिघांनी चुलीचा धूर बसलेला कोपरा खरवडला, भिंती रंगवल्या, चुन्यात चिमूटभर नीळ टाकली. खोली अशी झाली की दुपारीसुद्धा आत चांदणं पडल्यासारखं वाटावं.

महिना सरला. दारात हातगाडी, तिच्यावर ट्रंका, वळकट्या. सामान सध्या सरांच्या पडवीत ठेवायचं, पुढचं ठरलेलं नाही. नाना कुलूप घेऊन आले. आत गेले ते बाहेर येईनात. मी खिडकीतून मान काढून बघितलं. नाना खोलीच्या मधोमध उभे होते, देवळात उभं राहावं तसे. मग त्यांनी भिंतीवर तळवा टेकवला.

बाहेर आले तेव्हा हात पांढरा झाला होता.

"भीत वली शे," म्हणाले. "वल्या खोलीमा नवा भाडेकरू कसा ठेवू? वाळस तवलगून ऱ्हा."

ओली भिंत वाळेपर्यंत राहा म्हटल्यावर पोरांनी वळकट्या परत आत नेल्या.

वैशाखात कावळेसुद्धा चोच उघडी टाकून सावलीला बसले होते, तेव्हा नानांचे मेहुणे पारोळ्याहून आले. मुलासाठी खोली हवी होती, भाडं जास्त देणार होते. नाना त्यांना मागे घेऊन गेले. भिंतीवर तळवा ठेवला, डोळे मिटले, आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

"नई रे भाऊ," म्हणाले. "आजून वली शे."