कसणाऱ्यांची नावं

उत्रोलीचे कुंडलिक ओव्हाळ १९६६ साली अर्थशास्त्रात एम.ए. झाले. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत त्यांना नोकरी लागली. गावोगाव फिरून प्रश्नावल्या भरून आणायच्या, एवढंच काम. त्या कागदांवरून लेख लिहायचे प्राध्यापक देवस्थळी. त्यांचं नाव मोठं. कूळकायद्यावर कुणीही काही लिहिलं, की तळटिपेत देवस्थळींचा लेख असायचाच.

त्या लेखात म्हटलं होतं, की वेल्ह्याच्या खोऱ्यात आता कुळं उरली नाहीत. मालक तोच कसणारा. आधार सातबाऱ्याचा. ओव्हाळांना ते पटेना. भातकापणीच्या दिवसांत रजा टाकून ते एसटीनं वेल्ह्याला गेले आणि चौदा गावं पायी फिरले. सातबारा नंतर पाहिला. आधी खाचरात विळा कुणाच्या हातात आहे ते पाहिलं.

गुंजवणे गावात धोंडाबाई एकटीच भात कापत होती.

"मावशी, हे खाचर कुणाचं?"

"मालकाचं. ऱ्हातो भोरात."

"आणि कसतं कोण?"

"म्या. एकवीस वरसं झाली. नवरा हुता तवर दोघं, आता एकली."

"कागदावर तुमचं नाव आहे?"

"तलाठी येतो आन् मालकाकडं चा पिऊन जातो. खाचरात उतरल्याला म्या तरी न्हाई बघितला."

अशी त्र्याऐंशी कुटुंबं निघाली. ओव्हाळांनी तक्ते मांडून लेख लिहिला आणि देवस्थळींपुढे ठेवला. दोन दिवसांनी तो परत आला.

"मेहनत दिसते," देवस्थळी म्हणाले. "पण तुमचं काम माहिती आणायचं, ओव्हाळ. निष्कर्ष आम्ही काढतो."

"सर, तुम्ही कागद पाहिलात. मी शेत पाहिलंय."

"हा लेख बाहेर गेला तर तुम्हाला इथं राहता येणार नाही."

ओव्हाळांनी त्यांच्याच टेबलावर राजीनामा लिहिला.

भोरला शाळेत शिकवता शिकवता त्यांनी लेख इंग्रजीत केला आणि मुंबईच्या एका साप्ताहिकाकडे पाठवला. दोनदा परत आला. तिसऱ्यांदा संपादकांनी विचारलं, आपण कोणत्या संस्थेचे? ओव्हाळांनी कळवलं, 'मु. पो. उत्रोली, तालुका भोर.' १९७२ साली लेख छापून आला, त्याच पत्त्यासह.

दोन वर्षं कुणी दखल घेतली नाही. मग एका नव्या पुस्तकात त्यांचाच तक्ता जसाच्या तसा दिसला. खाली नाव देवस्थळींचं. ओव्हाळांनी पुस्तकाच्या लेखकाला लिहिलं, प्रकाशकाला लिहिलं. उत्तर येईना, तेव्हा साप्ताहिकातच पत्र छापून आणलं. पुढच्या आवृत्तीत नाव दुरुस्त झालं.

ती आवृत्ती आणि आपला लेख घेऊन ते गुंजवण्याला गेले. धोंडाबाईच्या ओट्यावर बसून त्यांनी सगळी हकिगत सांगितली, लेख मराठीत समजावला.

"ह्यात म्या कुठं हाय?" तिनं विचारलं.

"हे काय. कुटुंब क्रमांक सत्तावीस."

"सत्तावीस? तुमचं नाव गाळलं म्हणून तुमी येवढं भांडला. मंग माझं का गाळलं?"

ओव्हाळ म्हणाले, "नाव छापलं तर मालक जमीन काढून घेईल, म्हणून."

"मालकाला म्हाईत न्हाई व्हय, कोण कसतंय ते? म्हाईत न्हाई ते सरकारला. घाला नाव."

त्यानंतर ओव्हाळ पुन्हा सगळ्या गावांतून फिरले. नाव द्यायचं का, असं प्रत्येकाला विचारलं. बावीस जणांनी नको म्हटलं, एकसष्ट जणांनी हो. दुसऱ्या लेखाला ती यादी जोडली. संपादकांनी सुचवलं, नावांऐवजी क्रमांक द्या, तशी रीत आहे. ओव्हाळांनी उलट विचारलं, "मालकांची नावं सातबाऱ्यावर उघड आहेत. कसणाऱ्यांचीच का लपवायची?" १९७६ साली बारीक टाइपात का होईना, एकसष्ट नावं छापली गेली.

त्या हंगामात मालकानं कापणीला माणसं धाडली. धोंडाबाई विळा घेऊन बांधावर उभी राहिली. शेजारचा गेनबा आला, मागून निम्मं गाव आलं. माणसं परत गेली. मग कसणारी म्हणून नाव लावावं, असा तिनं तहसिलीत अर्ज केला, सोबत लेख जोडला. साहेब म्हणाले, छापील लेख म्हणजे पुरावा नव्हे. "तर मंग हितं बसून काय कळणार? चला शेतात," धोंडाबाई म्हणाली. यादीतले आणखी चाळीस जण अर्ज घेऊन दारात उभे होते. साहेबांना जावं लागलं.

१९७८ साली धोंडाबाईच्या दोन खाचरांपैकी एकाच्या सातबाऱ्यावर, पीकपाहणीत कसणारी म्हणून तिचं नाव लागलं.

देवस्थळींच्या लेखाचे दाखले पुढेही शेकड्यांनी दिले गेले. ओव्हाळांचे दाखले त्या दशकाअखेर अकरा झाले. त्यांतल्या चार ठिकाणी आडनाव चुकलेलं होतं. चारही लेखकांना त्यांनी पत्रं टाकली.

दुसऱ्या खाचराचा निकाल अजून लागायचा होता. ते भातही धोंडाबाईच कापत होती.