डायलचा दिवा

आमच्या आसेगावच्या चावडीत ग्रामपंचायतीचा रेडिओ होता आणि त्या रेडिओचा कारभारी होता जगदेव. गावात वीज आलेली नव्हती. रेडिओ चालायचा चार मोठ्या सेलांवर, आणि पंचायत दोन महिन्यांनी एकदा चारच सेल द्यायची. ते पुरवायला जगदेव काय काय करायचा, ते बघून मी शाळेचा मास्तर मनसोक्त हसायचो.

रेडिओ आला त्याच दिवशी त्याने डायलमागचा इवलासा बल्ब काढून कापसात गुंडाळला आणि काडेपेटीत घालून खिशात ठेवला. उजेड सगळ्यात जास्त सेल खातो, हे त्याचं गणित. अंधारात नागपूर केंद्र सापडावं म्हणून काचेवर त्याने गेरूची रेघ ओढली होती.

"बातम्या कानानं आयकाच्या असतात गुरुजी, डोयानं नाही," तो म्हणायचा.

सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी दीड तास, एवढाच रेडिओ लागायचा. आवाज ठरलेल्या खुणेच्या पुढे जायचा नाही. मग काय, ऐकायचं तर जवळ बसावं लागे. पाटलांच्या घरचे दौलतराव आणि बौद्ध वस्तीतले शालिग्राम खांद्याला खांदा लावून बसलेले मी तिथेच पहिल्यांदा पाहिले. एवढं काम आमच्या गावात कुठल्या भाषणाने केलं नव्हतं.

शनिवारी दुपारी चावडीसमोर पोतं अंथरून जगदेव सेल उन्हात ठेवायचा. उन्हाने सेलात जीव येतो असं सगळं गाव मानायचं. तो स्वतः शेजारी राखण करत बसायचा.

"पापड वाळले का हो जगदेव?" मी जाता-जाता विचारायचो.

एकदा मात्र त्याने मला बसवलं. म्हणाला, "गुरुजी, दुसऱ्याच्या हातून सेल संपले त लोकं म्हंतात, सेल संपले. माह्या हातून संपले त काय म्हंतीन, ते तुमाले मालूम हाय." जगदेव बौद्ध वस्तीतला. मला खरंच मालूम होतं. त्या दिवसापासून मी पापडांची चौकशी बंद केली.

पण नेमाचा माणूस कधीकधी दगडासारखा वागतो. एकाहत्तरच्या लढाईत लिलाबाईंचा शेषराव फौजेत होता. रेडिओवर दुपारी जवानांचे निरोप सांगत, आणि त्या दिवशी आपल्या लेकाचं नाव येणार असं त्यांना कुठून तरी कळलं. बाई दोन कोसांवरच्या मळ्यातून चालत आल्या. जगदेव म्हणाला, "बाई, दुपारची येय नाही रेडिओची. संध्याकायी या." बाई उंबऱ्यावरूनच परत गेल्या. शेषराव लढाईतून सुखरूप सुटला आणि फौजेतच राहिला, पण त्याचा तो निरोप त्यांनी ऐकला नाही तो नाहीच. मला जगदेवचा भयंकर राग आला होता.

दीड वर्षाने जगदेवला कार्ड आलं. त्याची लेक विजयमाला, घरातली माली, मंगरूळपीरला वसतिगृहात राहून शिकत होती. तिने लिहिलं होतं, 'बाबा, आमचं गाणं रविवारी सकाळी दहा वाजता नागपूरहून लागेल. शेवटचं कडवं मी एकटी म्हणते. आईला ऐकवा.' कार्ड मीच वाचून दाखवलं. तो इतका हसला, की मला त्याचे मागचे दात दिसले. मग त्याने विचारलं, "दहा वाजता?" दहा ही काही त्याच्या रेडिओची वेळ नव्हती.

रविवारी नऊपासून त्याची बायको अंजना धुतलेलं लुगडं नेसून चावडीत बसली होती. रेडिओ बंद. सेल दुसऱ्या महिन्याच्या अखेरचे, बसत आलेले. जगदेव भिंतीकडे बघत होता.

"लावा ना जी," अंजना म्हणाली. "एकच गानं हाय."

"लिलाबाईले नाही म्हनलं होतं मी. आता कोन्त्या तोंडानं लावू?"

मी म्हणालो, "जगदेव, बोल लावणाऱ्याला मी बघून घेईन." त्याने मान हलवली. दहाला चार मिनिटं होती. मला माझ्या घड्याळाचासुद्धा राग यायला लागला.

तेवढ्यात लिलाबाई आल्या. धापा टाकत. कार्डाची बातमी गावभर मीच केली होती, ती त्यांच्या मळ्यापर्यंत गेली होती. त्यांनी पदराखालून बॅटरी काढली, झाकण फिरवलं आणि दोन नवेकोरे सेल जगदेवसमोर धरले.

"घाल हे. पंचायतीचे नाहीत, माहे हायेत."

जगदेवने सेल घेतले नाहीत. "बाई, मी तुमाले आयकू देलं नाही."

"नाही देलं. आजूक टोचते मले," बाई म्हणाल्या. "म्हनून त आली. आता हिलेबी टोचत ठिवतं का जिंदगीभर? घाल."

त्याने दोन बसलेले सेल काढून हे दोन घातले. रेघेवर काटा आणला. गाणं सुरू झालेलं होतं. चार मुलींचा आवाज, ओळखू येईना. अंजना रेडिओकडे टक लावून बघत होती, जणू लेक आतून बाहेर येणार होती. जगदेवने आधी आवाज वाढवला, खुणेच्या पार पुढे. मग खिशातली काडेपेटी काढली, कापूस उलगडला आणि तो बल्ब जागेवर बसवला.

डायल पिवळा उजळला. आम्ही कुणीच तो तसा पाहिला नव्हता. आणि शेवटचं कडवं लागलं, एकटीचं.

"माली," अंजना म्हणाली आणि रडायला लागली. लिलाबाईंनी तिचा हात धरला. मीही रडलो, लपवत नाही.

गाणं संपलं. जगदेवने रेडिओ बंद केला, दोन सेल काढले, धोतराने पुसले आणि लिलाबाईंना परत दिले. बल्ब काढून कापसात ठेवला. मग काडेपेटीही त्यांच्यापुढे धरली.

"बाई, हे तुमच्याजवय ठिवा. शेषरावचं नाव जवा लागीन, कोनत्याबी येयेले, तवा घेऊन या. दिवा लावून आयकू."