चालवायला हलके

लिफ्टकाकांचा कानांवर भारी भरवसा. जन्मभर लिफ्टदुरुस्ती केलेला माणूस. तळमजल्यावर डोळे मिटून उभं राहायचं आणि वरच्या मोटरचं बेअरिंग गेलंय की नुसतं ग्रीस संपलंय, ते सांगायचं. सोबतचे कौतुक करायचे आणि काका "छे छे, त्यात काय" म्हणत आणखी थोडं कौतुक होईपर्यंत तिथेच रेंगाळायचे.

तर अशा माणसाच्या घरातलाच आवाज गेला. काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली, काकू वाचल्या. आवाज मात्र वाचला नाही. आता त्या कुजबुजतात, तेवढंच. काकांना हाक मारायची तर टेबलावर चमचा वाजवतात. तो वाजला की काका हातातलं काम टाकून हजर. लग्नानंतर इतकी वर्षं हाका मारून जे जमलं नाही ते चमच्याने जमलं, असं काकू लेकीला म्हणाल्या. काकांना त्याचा राग नाही. सर्जन बाईंचा विषय निघाला की आजही त्यांचे डोळे भरतात. बायको समोर बसून चहा पितेय, यापुढे त्यांचं काही मागणं नव्हतं.

तसं एक होतं. काकू गायच्या. मोठ्या गायिका वगैरे नव्हेत हो, कपडे वाळत घालताना, भांडी विसळताना, असंच. जो आवाज घरात रोज आहे, तो कोण जपून ठेवायला जातंय? लेकीच्या फोनमध्ये काकूंच्या बोलण्याचे तुकडे होते, तेही "पंखा बंद कर" आणि "ठेव तो फोन आता" असले. गाणं उरलं होतं ते एका तबकडीवर. काकू तरुणपणी नर्स होत्या. त्यांच्या इस्पितळात मेट्रनपासून, म्हणजे मुख्य नर्सबाईंपासून, सगळ्या नर्सेसचा गायनवृंद होता आणि नव्या वॉर्डासाठी देणग्या गोळा करायला त्यांनी एक रेकॉर्ड काढली होती. वीसेक बायका एकत्र गाणाऱ्या, त्यात कुठेतरी काकू. काकूंचं गाणं या जन्मी पुन्हा ऐकायचं तर तिथेच.

काकांनी माळ्यावरून जुना पेटीतला प्लेयर काढला, पुसला, रेकॉर्ड लावली. सगळ्या बायका एकाच घागरीत तोंड घालून गात होत्या. काकांनी पेटीला कान लावला. पुन्हा लावून बघितलं. काही केल्या त्यातून काकू वेगळ्या निघेनात.

"मला हिचा आवाज ओळखता येत नाहीये गं," त्यांनी लेकीला फोनवर सांगितलं. "विसरलो की काय मी?"

"बाबा, टाकाऊ स्पीकर आहे त्या पेटीतला. तुमचे कान नव्हेत," लेक म्हणाली. "नीट अँप्लिफायर घ्या, स्पीकर घ्या. आणि आईला सांगू नका, ती नको म्हणेल."

काकूंना सगळं माहीत होतं. घर केवढंसं, आणि काकांचं कुजबुजणं जिन्यापर्यंत ऐकू जायचं.

बाजाराच्या मागच्या गल्लीत व्हॉल्व्हच्या, म्हणजे जुन्या काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या, रेडिओ-अँप्लिफायरचं एक दुकान होतं. ते एक बाई चालवायची. वडिलांकडून तिला दुकान मिळालं होतं आणि तिरसटपणाही. काकांनी रेकॉर्ड सोबत आणली नव्हती. एकच प्रत, ती गर्दीतून कशाला न्या. त्यांनी नुसतं सांगितलं. बाईंनी हातातलं सोल्डरिंग बाजूला ठेवून सगळं ऐकून घेतलं, मग फळीवरून एक लहानसा अँप्लिफायर उतरवला. वर काचेचे चार व्हॉल्व्ह, मागे दोन जड ट्रान्सफॉर्मर.

"ताकद किती याची?" काकांनी विचारलं.

"पाच वॉट."

"पाच? आमच्या लिफ्टमधला दिवासुद्धा याहून मोठा असायचा."

"काका, खोलीत गाणं ऐकायचंय ना? का मैदानावर सभा घ्यायची आहे?"

बाईंनी तो आपल्या स्पीकरांना जोडला आणि कुणा एका गाणारीची रेकॉर्ड लावली. काका बसल्या जागी सरळ झाले. गाणारी श्वास कुठे घेते, तेही कळत होतं. अँप्लिफायर ठरला. बाई तो बांधू लागल्या आणि बांधता बांधता म्हणाल्या, "फक्त याला हलके स्पीकर घ्यायचे, हं." तेवढ्यात फोन वाजला आणि त्या तिकडे वळल्या.

झालं. हलके! काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आयुष्यात एकदा बायकोसाठी काही घ्यायला आलोय आणि ही मला हलका माल सुचवते? मी काय तसा दिसतो? विचारायला तोंड होतं, पण विचारतील तर काका कसले. अँप्लिफायर घेतला आणि तरातरा थेट हमरस्त्यावरच्या मोठ्या शोरूममध्ये. तिथला टायवाला पोरगा माणसं ओळखण्यात पटाईत. एका उंच, काळ्या, चकचकीत जोडीवर हात ठेवून म्हणाला, "सर, हे एकदम भारी आहेत." एवढा एक शब्द पुरला.

आणि खरंच भारी निघाले. वर चढवताना दोन हमालांची तोंडाला फेस येईपर्यंत दमछाक झाली आणि ती बघून काकांना माल अस्सल असल्याची खात्रीच पटली. जुन्या प्लेयरमधून अँप्लिफायरला आणि तिथून स्पीकरांना तारा जोडल्या. व्हॉल्व्ह मंद तांबूस उजळले. काकूंना समोर खुर्चीत बसवलं आणि रेकॉर्ड लावली.

आवाज आला तो शेजारच्या घरातून आल्यासारखा. काकांनी बटण फिरवलं. आवाज घुसमटला. आणखी फिरवलं, तर फाटला. वीस बायका आधी घागरीत होत्या, आता घागरीवर गोधडी टाकलेली.

"दिवे छान आहेत," काकू कुजबुजल्या.

काका हसले खरे, पण मनात भलतंच आलं. रेकॉर्डच तशी असेल तर? बायकोचा आवाज त्यात उरलाच नसेल तर? त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मान खाली घालून ते गल्लीतल्या दुकानात उभे राहिले. बाईंनी हकिगत ऐकली, कपाळावर हात मारला आणि मग इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

"अहो काका, हलके म्हणजे फालतू नव्हे हो! चालवायला हलके. थोड्या ताकदीत मोठ्याने वाजणारे. तुमची ती भारी जोडी चांगलीच आहे, पण तिला हलवायला दांडगा अँप्लिफायर लागतो."

"म्हणजे मी पाच माणसांच्या मोटरवर मालवाहू लिफ्ट टांगली," काका म्हणाले.

"बरोबर. आणि वर मोटरला नावं ठेवली."

शोरूमने कुरकुर करत भारी जोडी परत घेतली. बाई स्वतः दुसरी जोडी घेऊन घरी आल्या. खोके चांगले पोटभर मोठे, आतला कागदी पडदा मात्र असा, की फुंकर मारली तरी थरथरावा. काकूंच्या खुर्चीपासून दोन्ही सारख्या अंतरावर ठेवले, तारा तपासल्या, सुई पुसली. "आता ऐका," म्हणाल्या आणि चहाचा कप घेऊन मुकाट्याने मागे जाऊन बसल्या.

यावेळी बायका घागरीतून बाहेर आल्या. ओळीने उभ्या राहिल्या. डावीकडे कुणीतरी अंमळ घाई करत होतं, मागे एकीला बारीक खोकला आला. आणि सगळ्यांच्या वर एक आवाज निघाला, निर्मळ, उंच, कुठेही न अडखळणारा. काकांचे डोळे वाहायला लागले.

"हीच तू," ते म्हणाले.

काकूंनी मान हलवली. "मेट्रन," त्या कुजबुजल्या.

मागे बाईंना चहाचा ठसका लागला. काका ओशाळले. मग काकूंनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला, खालच्या पट्टीतल्या बायकांची ओळ येईपर्यंत थांबल्या, आणि हात दाबला. आता.

मेट्रनबाईंच्या खूप खाली, सगळ्यांना आधार देत, एक जाडसर, जरा घोगरा आवाज चालला होता. त्याला चमकायची हौस नव्हती. काकांनी तो पकडला आणि मग तो सुटेना. ओळखायचा प्रश्नच कुठे होता? हाच आवाज कपडे वाळत घालताना गॅलरीतून यायचा. ते नुसते चुकीच्या मजल्यावर शोधत होते.

त्यांनी वळून बघितलं. काकूंचे ओठ हलत होते. घशातून काही निघत नव्हतं, पण शब्द सगळे पाठ होते, आणि स्पीकरमधून येणारा आवाज त्या ओठांवर अचूक बसत होता. कडव्याच्या शेवटी त्यांनी श्वास घेतला, तेव्हा रेकॉर्डमधल्या तरुण मुलीनेही तिथेच घेतला. काकू समोर बसून गात होत्या. शेवटपर्यंत गायल्या.

रेकॉर्ड संपली, तरी काकांनी हात सोडला नाही.

"थँक यू," ते म्हणाले. हा शब्द त्या दोघांत आजवर कधी कुणी वापरलेला नव्हता.

"कुणाला?" काकू कुजबुजल्या. त्यांनी मागे बसलेल्या बाईंकडे बघितलं.

"त्यांना सांगीनच," काका म्हणाले. "हे तुला. राहिलीस म्हणून."