बाबांची मच्छर मारायची रॅकेट

बाबांची मच्छर मारायची रॅकेट मीच बिघडवली. मुद्दाम. आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी माझी कीव करायला नको.

नानाखेड्याला आमच्या कॉलनीमागे उघडा नाला आहे. दिवेलागणीला मच्छरांची अशी फौज यायची की तोंड उघडायची सोय नाही. बाबा बिजली खात्यातून रिटायर झालेले, खांबांवर चढण्यात सगळी उमर गेलेली. फुप्फुसं बसली आणि पलंगाला खिळले. अंघोळ मी घालायची, घास मी भरवायचा. त्यांच्याकडे एकच काम उरलं होतं, फ्रीगंजच्या बाजारातून आणलेली ती रॅकेट. मी पायथ्याशी बसून शाळेच्या वह्या तपासायची आणि बाबा माझ्या पायांवर घोंघावणारे मच्छर टिपायचे. चट् आवाज झाला की म्हणायचे, "गेला बघ! तू तपास आरामात." तेवढ्यापुरता चेहरा पूर्वीसारखा व्हायचा.

मग घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. ते लावायला आलेला माणूस म्हणाला, "दीदी, इसके पास चिंगारी बिल्कुल नहीं. अगरबत्ती भी नहीं." रॅकेटच्या जाळीत तर प्रत्येक मच्छरागणिक चिंगारी उडते. मी ती उचलून कपाटावर टाकली. संध्याकाळी बाबांचा हात उशीखाली चाचपडत राहिला. मला बघवेना. तुमचं उरलेलं कामही काढून घेते आहे, हे कुठल्या तोंडाने सांगणार होते? रॅकेट उघडली, जाळीकडे जाणारी तार कापली आणि परत दिली. लाल दिवा तेवढा लागायचा, बस.

बाबा फिरवत राहिले. आवाज नाही. "मेला, मेला!" मीच म्हणायची, लहान पोराला म्हणावं तसं. तेही मान हलवायचे. मला वाटलं, चला, निभलं.

आठवड्याने एका संध्याकाळी रॅकेट माझ्या पायावर जोरात आदळली. मी भडकले. "अहो बाबा, लागतं ना!"

"मरत नाहीत," ते धापा टाकत म्हणाले, "म्हणून हाकलतो." रॅकेट हलवून दाखवली. "आत तार लोंबतेय. पहिल्याच दिवशी कळलं मला. कापलेल्या तारेला टेप लावायची असते, बेटा."

माझी जीभ मेली तिखट. म्हटलं, "खरं सांगितलं असतं तर ऐकलं असतं का तुम्ही?"

"चिंगारी काय असते ते मला समजवावं लागतं का गं? उभा जन्म त्यातच गेला. नुसतं सांगायचं होतंस. मीच ठेवून दिली असती."

त्यांनी रॅकेट माझ्या हातात दिली आणि दोन्ही हात चादरीखाली घेतले. तिथेच माफी मागायला हवी होती. मी वह्या गोळा केल्या आणि फणकाऱ्याने स्वयंपाकघरात निघून गेले.

त्यानंतर बाबा चार दिवस होते. चारही संध्याकाळी त्यांच्या कपाळावर मच्छर बसले, आणि त्यांनी हात बाहेर काढला नाही.