आमेन झाल्यावर

जालन्याच्या स्टेशनात गाडी सुटायची वेळ झाली तरी बाबांची प्रार्थना संपेना. टोपी काखेत, डोळे मिटलेले, आणि मी डब्याच्या दारात ट्रंक धरून उभी. हैदराबादेतल्या एका नव्या खासगी दवाखान्यात मला नर्सची नोकरी लागली होती. बाबा त्या दवाखान्यासाठी, तिथल्या डॉक्टरांसाठी, इंजिनासाठी, वाटेतल्या पुलांसाठीसुद्धा मागत होते. शिट्टी झाली तशी आई म्हणाली, "अहो, पोरगी राहील ना इथंच!" तेव्हा कुठं आमेन आलं, आणि पाठोपाठ त्यांचं नेहमीचं वाक्य: "आमेन झालं, आता ऊठ." मी उभीच होते, पण सवय ती सवय.

प्रार्थनेनंतर गुडघ्यांवर रेंगाळलेलं बाबांना खपत नसे. शेजारी उपाशी आहे हे ठाऊक असून नुसती त्याच्यासाठी प्रार्थना केली, तर ती देवाकडे केलेली चहाडी, असं ते म्हणत. चांगलं काय ते कळावं आणि माणसानं ते करू नये, याचा त्यांना चोरीपेक्षा जास्त राग यायचा.

देशाचा बाजार तेव्हा नुकताच खुला झाला होता म्हणे. आमच्या दवाखान्याची काचेची दारं तर आपोआप उघडायची, आणि मी सुरुवातीला उगाच ढकलायला हात पुढे करायची. काचीगुडा भागात साळवेबाईंकडे मागची खोली मिळाली. त्या आमच्याच समाजाच्या, मूळच्या परभणीकडच्या. घरात नवाकोरा रंगीत टीव्ही, त्याला केबल. शनिवारी संध्याकाळी त्यांच्याच बैठकीत मराठी प्रार्थनासभा भरायची. सतरंजी, पेटी, भजनं, मग विनंत्या. कुणाची बदली, कुणाच्या मुलाचा व्हिसा. साळवेबाईंचं उत्तर ठरलेलं: "प्रार्थनेत ठेवू या." बोलण्यात हैदराबादी "हौ" आणि "नक्को" पेरलेलं असलं तरी दारातला आम्हा ख्रिस्ती लोकांचा 'सलाम' जालन्यासारखाच होता, त्यामुळे मला तिथं बरं वाटायचं.

गल्लीच्या टोकाला सुशीलाबाई राहत. नवरा कधीच गेलेला, एकुलता मुलगा विलास ट्रक चालवायचा. त्याला एड्स झाला आणि इलाज नाही म्हणून घरी पाठवून दिलं. त्या काळात नुसतं रोगाचं नाव ऐकलं तरी लोक नाकाला पदर लावायचे. एका शनिवारी सुशीलाबाई सभेत उभ्या राहून म्हणाल्या, "मला एकटीला तो कुशीवर वळवता येत नाही. पाठीला जखमा झाल्यात त्याच्या. कुणीतरी हात लावायला चला." साळवेबाई म्हणाल्या, "प्रार्थनेत ठेवू या." चांगली लांबलचक प्रार्थना झाली. पुढच्या शनिवारी त्यांनी तेच मागितलं, तशीच प्रार्थना झाली, आणि आमेननंतर चहा आला.

स्पर्शानं तो रोग लागत नाही, जखमा धुताना हातमोजे घातले की झालं, हे मला माहीत होतं. माहीत होतं हीच तर पंचाईत! बाकीच्यांना भीतीचा आडोसा होता, मला कुठला? मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हटलं, "सुशीलाबाई, चला." साळवेबाई दारापर्यंत मागं आल्या. "रूथ, त्या घरात पाय ठेवलास तर इथं परत येऊ नको. माझी नातवंडं लहान आहेत." बाई वाईट नव्हती हो, घाबरली होती. पण मला राग आला, आणि खरं सांगायचं तर आजही येतो.

विलास म्हणजे नुसता हाडांचा सापळा उरला होता. मी पाठीखाली हात घातला तर म्हणाला, "ताई, हल्लू." मग लाजेनं तोंड भिंतीकडे केलं. त्याचं सगळं आवरून परतले, तर माझी ट्रंक साळवेबाईंच्या पायरीवर होती. मी तिच्यावरच बसले. सुशीलाबाई मागोमाग आल्या. "असं रस्त्यावर कायकू बसतीस गं? चल माझ्याकडं," म्हणत त्यांनी ट्रंकेची एक कडी धरली.

ही बातमी जालन्याला पोचायला वेळ लागला नाही. आई फोनवर रडली, "परत ये बाई. तुला आता कोण करून घेईल?" आणि बाबा मला न्यायला आले. मी गेले तर विलासला वळवणार कोण? आणि बाबांना मी आजवर कधी नाही म्हटलेलं नव्हतं.

ते आले तेव्हा विलासचं अंथरूण बदलायचं चाललं होतं. मी त्याला कुशीवर धरून ठेवलेलं. बाबा खाटेशी उभे राहिले, टोपी काखेत मारली, डोळे मिटले. सुशीलाबाईंनी डोक्यावर पदर घेतला. मी मनात म्हटलं, झालं, आता अर्धा तास माझे हात काही सुटत नाहीत.

"प्रभू, आमेन," बाबा म्हणाले आणि बाह्या सरसावल्या. "रूथ, बादली कुठाय?"

आठवडाभर राहिले, मग एकटेच परत गेले. जाताना एवढंच म्हणाले, "आईला मी समजावतो."

विलास नाताळाच्या आधी गेला. आमच्यात दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, मंडळीतले लोक जेवण आणतात. साळवेबाई वरण-भाताचा डबा घेऊन आल्या. उंबरा काही ओलांडला नाही, पण डबा पायरीवर न ठेवता सुशीलाबाईंच्या हातात दिला.

नंतर माझं लग्न सुशीलाबाईंनीच त्यांच्या याच दारातून लावून दिलं आणि आम्हा दोघांना इथंच ठेवून घेतलं. आता त्याही नाहीत, बाबाही नाहीत. माझी मुलं इंग्रजीत प्रार्थना करतात, मराठी अक्षरं जुळवून वाचतात. आमेन मात्र तेच आहे, आणि त्यानंतर मुलं लोळत राहिली तर मी ओरडते.

जालन्याच्या माणसांनो, दर सुट्टीत तुम्ही विचारता, घरी कधी येतेस? भेटायला येईन, नक्की येईन. पण घरी मी आहेच. बाबांनी बादली मागितली, त्याच खोलीत बसून हे लिहितेय.